हुकूमनामा अडतो तो दारात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

न्यायदानातील विलंबाविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी लेख आणि वाचकांची पत्रे प्रसिद्ध होतात. न्यायाधीशांची रिक्त पदे, पुन्हा पुन्हा पडणाऱ्या तारखा, अपुऱ्या इमारती अशा कारणांची त्यांत चर्चा असते आणि ती योग्यच आहे. मात्र दिवाणी न्यायालयाच्या नाझर विभागात, म्हणजे समन्स आणि वॉरंट यांची बजावणी पाहणाऱ्या विभागात, तीस वर्षांहून अधिक काळ काम केल्यामुळे मला एका गोष्टीची खंत वाटत आली आहे. या सगळ्या चर्चेत बेलिफाचे नाव कोठेच येत नाही. दाव्याचे पहिले पाऊल म्हणजे समन्सची बजावणी आणि शेवटचे पाऊल म्हणजे हुकूमनाम्याची, म्हणजे दाव्यातील निकालाच्या आदेशाची, अंमलबजावणी, आणि ही दोन्ही पावले न्यायालयाच्या वतीने प्रत्यक्ष रस्त्यावर बेलिफच टाकतो. त्याचे काम काय, त्याला काय करता येते आणि काय करता येत नाही, हे पक्षकारांना तर नाहीच, पण अनेकदा सुशिक्षित वाचकांनाही ठाऊक नसते, म्हणून हे पत्र काहीसे सविस्तर लिहीत आहे.

परदेशी मालिका पाहून अनेकांची अशी समजूत झालेली आढळते की, न्यायाधीशांच्या आसनाजवळ गणवेशात उभा राहून सर्वांना उठायला सांगणारा आणि ज्यूरीची ने-आण करणारा कर्मचारी म्हणजे बेलिफ. अमेरिकेतील अनेक न्यायालयांत तो तसा असतो. आपल्याकडे पक्षकारांचा पुकारा शिपाई करतो, आरोपीला हजर करण्याचे काम पोलिसांचे असते आणि फौजदारी प्रकरणांतील समन्सही प्रामुख्याने पोलिसांमार्फतच बजावले जाते. आपला बेलिफ हा दिवाणी न्यायालयाचा, नाझराच्या हाताखाली काम करणारा कर्मचारी असून तो न्यायकक्षात क्वचितच दिसतो. समन्स, नोटिसा आणि वॉरंट पिशवीत घालून तो सकाळी बाहेर पडतो आणि त्याला नेमून दिलेल्या गावांत किंवा वॉर्डांत हिंडतो. मुंबईत लघुवाद न्यायालयाचे स्वतःचे बेलिफ आहेत, तर उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेचे असे काम परंपरेने शेरीफच्या कार्यालयाकडे आहे. नाव आणि व्यवस्था थोडी निराळी असली तरी काम तेच.

या कामाचा कायदा १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे आणि तो जितका बारकाईने लिहिला आहे तितकाच तो आज दुर्लक्षिला जातो, असे मला वाटते. संहितेचा पाचवा आदेश समन्सविषयी आहे. समन्सची प्रत शक्य असेल तेथे प्रतिवादीच्याच हाती द्यायची असते. तो घरी नसेल आणि वाजवी मुदतीत सापडण्याची शक्यता नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीला ती देता येते. पूर्वी येथे केवळ प्रौढ पुरुषच चालत असे; १९७६ च्या दुरुस्तीने स्त्री असो वा पुरुष, कोणतीही प्रौढ व्यक्ती चालते असे स्पष्ट झाले. तरीही ‘घरात बाईमाणूस होते, म्हणून परत आलो’ असे शेरे मी त्यानंतर कित्येक वर्षे वाचले आहेत. घरातील नोकर मात्र कुटुंबात धरला जात नाही, आणि त्याच्या हाती दिलेले समन्स ही बजावणी ठरत नाही.

प्रतिवादीने पोचपावतीवर सही करण्यास नकार दिला किंवा पुरेसा शोध घेऊनही तो सापडला नाही, तर बेलिफाने समन्सची प्रत त्याच्या घराच्या बाहेरच्या दारावर किंवा सहज दिसेल अशा ठिकाणी चिकटवायची असते. आमच्या भाषेत याला ‘समन्स डकवणे’ म्हणतात. पण डकवून काम संपत नाही. आपण ते कोणत्या परिस्थितीत डकवले, घर कोणी दाखवले आणि कोणाच्या समक्ष डकवले, हे त्या व्यक्तीच्या नावपत्त्यासह मूळ समन्सवर लिहून द्यावे लागते. हा अहवाल प्रतिज्ञेवर दिलेला नसेल, तर न्यायालयाने बेलिफाला शपथेवर तपासलेच पाहिजे, असे नियम १९ सांगतो. म्हणजे कायद्याने बेलिफाच्या चार ओळींना साक्षीचे मोल दिले आहे.

त्या चार ओळींवर काय काय अवलंबून असते याची कल्पना फार थोड्यांना असते. समन्स बजावल्याच्या दिवसापासून प्रतिवादीची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देण्याची ३० दिवसांची मुदत सुरू होते, आणि न्यायालयाने सवलत दिली तरी ती सामान्यतः ९० दिवसांपलीकडे जात नाही. बेलिफाने लिहिलेली तारीख चुकली की ही सगळी गणना चुकते. त्याहून गंभीर प्रश्न एकतर्फी हुकूमनाम्याचा असतो. समन्स रीतसर बजावले गेले नव्हते असे सिद्ध झाले, तर प्रतिवादी तो हुकूमनामा रद्द करून घेऊ शकतो, आणि त्यासाठीची ३० दिवसांची मुदत अशा वेळी हुकूमनाम्याच्या तारखेऐवजी त्याला तो कळल्यापासून मोजली जाते. मी नोकरीत असताना घडलेले एक प्रकरण अजून मनातून जात नाही. एका वयस्क विधवेने आपल्या घराच्या कब्ज्यासाठी दावा लावला होता. बेलिफाने ‘प्रतिवादीने समन्स घेण्यास नकार दिला, सबब दारावर डकवले’ असा अहवाल दिला. घर दाखवणाऱ्याचे नाव नाही, समक्ष असलेल्या व्यक्तीचे नाव नाही. तो अहवाल माझ्या टेबलावरून पुढे गेला आणि मीही त्याला अडवले नाही. दावा एकतर्फी निकाली निघाला. काही वर्षांनी कब्जाचे वॉरंट निघाले तेव्हा प्रतिवादी उभा राहिला, त्या तारखेला आपण त्या गावात राहतच नव्हतो हे त्याने कागदपत्रांनी दाखवून दिले, आणि दावा पुन्हा पहिल्या पायरीवर आला. त्या बाई न्यायालयाच्या पायऱ्यांवर बसून राहिल्या होत्या. बेलिफ त्या दिवशी त्या घरापर्यंत गेलाच नसावा, असे मला आजही वाटते. त्याच्या त्या आळसाइतकीच माझी न वाचता केलेली सहीही त्या बाईंच्या वाया गेलेल्या वर्षांना कारणीभूत होती.

या दोषांची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. बेलिफाला पाहताच दार लावून घेणे, ‘गावाला गेलेत’ असे मुलाकडून सांगवणे, शेजाऱ्याने ओळखत असूनही ओळखत नाही म्हणणे, हे रोजचे आहे. समन्स घेतले म्हणजे आपण कर्ज किंवा चूक कबूल केली, असा समज खोलवर रुजलेला आहे आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. समन्स घेणे म्हणजे आपल्याविरुद्ध कोणी काय मागितले आहे हे कळून घेणे आणि आपली बाजू मांडण्याची संधी घेणे, इतकेच. ते नाकारणाऱ्याचे नुकसान त्याचे स्वतःचेच होते, कारण नाकारल्याचा खरा अहवाल आला की न्यायालय बजावणी झाली असे धरून पुढे जाऊ शकते. आपल्यावरील दाव्यात काय लिहिले आहे हे निकाल लागल्यानंतर प्रथम वाचणारी माणसे मी पाहिली आहेत. वादीकडून येणाऱ्या पत्त्यांविषयीही लिहावेसे वाटते. ‘मारुती मंदिरामागे’ एवढ्या पत्त्यावर दोनशे उंबऱ्यांच्या वस्तीत बेलिफाने कोणाला शोधावे? वकिलांनी आणि पक्षकारांनी पत्ता देताना, आणि गरज असेल तेथे घर दाखवायला माणूस देताना, थोडी काळजी घेतली तरी कितीतरी समन्स पहिल्याच फेरीत बजावले जातील.

आता अंमलबजावणीकडे येतो, कारण खरी परीक्षा तेथे होते. हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावरच सुरू होतात, असे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये नमूद केले होते. दीडशे वर्षे उलटून गेली तरी वकीलमंडळी ते वाक्य अजून उद्धृत करतात, कारण परिस्थिती अजून तीच आहे. दावा जिंकलेल्या डिक्रीदाराला पुन्हा दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते, आणि त्या दरखास्तीतून निघालेले जप्तीचे, अटकेचे किंवा कब्जाचे वॉरंट घेऊन शेवटी बेलिफच जातो.

या टप्प्यावर बेलिफाकडे मोठा अधिकार असतो, आणि म्हणूनच कायद्याने त्याला जागोजागी लगाम घातले आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जंगम मालमत्तेच्या जप्तीसाठी किंवा अटकेसाठी त्याला राहत्या घरात शिरता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. अटकेच्या वेळीच ऋणकोने, म्हणजे ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला आहे त्याने, हुकूमनाम्याची रक्कम आणि अटकेचा खर्च बेलिफाच्या हाती दिला, तर त्याला तेथल्या तेथे सोडून द्यावे लागते. कलम ६० प्रमाणे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे, तसेच शेतकऱ्याची अवजारे आणि उदरनिर्वाहासाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील ती जनावरे व बियाणे यांना जप्ती लागू होत नाही. हे सारे बेलिफाला पाठ असावे लागते, कारण दारात उभे असताना पुस्तक उघडून पाहायला वेळ नसतो आणि एका बाजूला डिक्रीदार ‘हे घ्या, तेही घ्या’ म्हणत असतो.

आमच्याकडे एक अनुभवी बेलिफ होते. एका सुताराकडील जप्तीत डिक्रीदाराने रंधे, करवती आणि छिन्न्यांची पेटी उचलण्याचा आग्रह धरला. बेलिफाने ती घेण्यास साफ नकार दिला आणि पंचनाम्यात तसे लिहिले. डिक्रीदाराने त्यांच्यावर ऋणकोला सामील झाल्याची तक्रार केली. न्यायाधीशांनी पंचनामा वाचला, कलम ६० वाचले आणि तक्रार तेथेच निकाली काढली. पेटी उचलून आणली असती तर तक्रार झाली नसती, पण सुताराचे पोट आणि न्यायालयाची अब्रू दोन्ही गेले असते. अशा निर्णयासाठी लागणारे कायद्याचे ज्ञान आणि धैर्य आपण बेलिफाकडून गृहीत धरतो, आणि त्याचे प्रशिक्षण मात्र जुन्या बेलिफाच्या मागे चार दिवस हिंडण्यावर सोडून देतो.

कब्जाचे वॉरंट हे सर्वांत कठीण. स्थावर मालमत्तेचा ताबा देताना हुकूमनाम्याने बांधलेली व्यक्ती आत असेल आणि वाट देत नसेल, तर पुरेशी सूचना देऊन, आणि रूढीप्रमाणे लोकांसमोर न येणाऱ्या स्त्रियांना बाजूला होण्याची सोय करून, कुलूप काढण्याची किंवा दार फोडण्याची मुभा कायद्यात आहे. मालमत्ता भाडेकरूसारख्या हक्कदाराच्या ताब्यात असेल तर प्रत्यक्ष कोणालाही न हलवता वॉरंटची प्रत तेथे लावून आणि दवंडी देऊन किंवा रूढ पद्धतीने जाहीर करून प्रतीकात्मक ताबा दिला जातो. प्रत्यक्ष ताब्याच्या वेळी पंच बोलवायचे, आतल्या सामानाची यादी करायची, पंचनामा लिहायचा, डिक्रीदाराकडून कब्जेपावती घ्यायची. आणि हे सगळे करताना समोर रडणारी मुले असतात, शिव्या असतात, कधी हातात काठी घेतलेला माणूसही असतो. मी स्वतः एका कब्जाच्या वेळी हजर होतो. घरात एक आजारी वृद्ध होते. बेलिफाने प्रथम त्यांना बाहेर सावलीत बसवले, त्यांची औषधे आणि मुलांची दप्तरे यादीत वेगळी लिहून कुटुंबाच्या हाती दिली आणि मगच उरलेल्या सामानाला हात लावला. वॉरंट त्याच दिवशी पूर्ण झाले आणि कोणाचाही आवाज चढला नाही. संहितेत अशा वागण्याचे कलम नाही, पण त्या दिवशी वॉरंट बजावले गेले ते त्यामुळेच, असे माझे ठाम मत आहे.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘बेलिफ आला आणि तसाच परत गेला, म्हणजे त्याने पैसे खाल्ले’, असे सर्रास बोलले जाते. जागेत कोणी तिसराच माणूस ‘माझा या हुकूमनाम्याशी संबंध नाही, हक्क माझा आहे’ असे म्हणून अडथळा करतो, तेव्हा त्याचा हक्क खरा की खोटा हे ठरवण्याचा अधिकार बेलिफाला नसतो. त्याने अडथळ्याचा अहवाल द्यायचा असतो, आणि पुढे एकविसाव्या आदेशाच्या नियम ९७ नुसार डिक्रीदाराच्या अर्जावर तो प्रश्न न्यायालय ठरवते. अशा वेळी परत येणारा बेलिफ कायदा पाळत असतो. अर्थात पैसे घेऊन ‘मिळून आला नाही’ असे लिहिणारेही आहेत. हे मी नाकारणार नाही, आणि त्यांच्यावर कठोर कारवाई झाली पाहिजे. पण डिक्रीदाराने ‘गाडीभाडे’ म्हणून रक्कम हाती ठेवायची आणि बेलिफाने ती घ्यायची, ही प्रथा जेथे पडली आहे, तेथे प्रवासभत्ता प्रत्यक्ष खर्चाला पुरतो का, हे कोणी विचारले आहे का? पक्षकाराच्या गाडीतून पक्षकाराच्याच शत्रूच्या दारात उतरणारा बेलिफ तटस्थ दिसणार कसा?

या दुर्लक्षाचा परिणाम आकड्यांतही दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२१ च्या निकालात दरखास्ती दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढाव्यात, मुदत वाढवायची तर कारणे लेखी नोंदवावीत, आणि पोलिसांच्या मदतीशिवाय हुकूमनामा बजावणे शक्य नसेल तेथे पोलिस ठाण्याला तशी मदत देण्याचा आदेश करता येईल, असे सांगितले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सर्व उच्च न्यायालयांना प्रलंबित दरखास्तींची माहिती गोळा करण्यास सांगितले, आणि ऑक्टोबरमध्ये जो आकडा समोर आला तो देशभरात ८ लाख ८२ हजारांहून अधिक होता. त्यात सर्वांत मोठा वाटा मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतील न्यायालयांचा होता. या प्रत्येक दरखास्तीमागे दावा जिंकूनही हाती काही न पडलेला माणूस आहे. पैसे आणि ताबा यांच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी सर्वसाधारणपणे १२ वर्षांची मुदत असते. तेवढ्या वर्षांत डिक्रीदार म्हातारा होतो आणि कधी त्याच्या वारसांची नावे लावण्याचा अर्ज येतो.

उपाय म्हणून सध्या तंत्रज्ञानाकडे बोट दाखवले जाते. ई-कोर्ट प्रकल्पातील ‘एनस्टेप’ या व्यवस्थेत बेलिफाच्या मोबाइलवरील अॅपमधून बजावणीची जागा, वेळ आणि छायाचित्र नोंदवता येते. मी या व्यवस्थेचे मनापासून स्वागत करतो; ती त्या काळी असती तर त्या विधवेच्या दाव्यातील तो खोटा अहवाल टिकला नसता. मात्र ज्या दारात बेलिफाला मारहाण होण्याची भीती आहे तेथे मोबाइल त्याचे रक्षण करीत नाही. सरकारी कर्मचाऱ्याला कामात अडथळा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली आणि त्याच्यावर हल्ला करणे हा कलम १३२ खाली गुन्हा आहे. पण अशी फिर्याद देण्यासाठी बेलिफ पोलिस ठाण्यात जातो तेव्हा ‘तुमचा मामला दिवाणी आहे’ असे उत्तर त्याला मिळते, हे मी एकाहून अधिक वेळा ऐकले आहे.

म्हणून उच्च न्यायालय आणि राज्य शासन यांच्याकडे माझी नम्र विनंती आहे. बेलिफांची रिक्त पदे न्यायाधीशांच्या पदांइतक्याच तातडीने भरावीत, आणि त्यांत स्त्रियांची संख्या वाढवावी, कारण ज्या घरात त्या वेळी केवळ स्त्रिया असतात तेथे अर्धा तणाव स्त्री बेलिफ गेल्याने कमी होतो. नव्या बेलिफाला रुजू होताच समन्स, जप्ती आणि कब्जा या तिन्हींचे लेखी व प्रात्यक्षिक प्रशिक्षण द्यावे. प्रवासभत्ता असा असावा की त्याला पक्षकाराच्या गाडीत बसावे लागू नये. कब्जाच्या वॉरंटला पोलिस बंदोबस्ताचा आदेश झाला की त्याची तारीख न्यायालय आणि पोलिस ठाणे यांनी आधी मिळून ठरवावी. बंदोबस्त आला नाही म्हणून वॉरंट तसेच परत येणे थांबले पाहिजे.

शेवटची विनंती न्यायाधीशांना आणि माझ्या जागी आज बसलेल्या नाझरांना आहे. वॉरंट न बजावता परत आले, तर बेलिफाने त्याचे कारण त्यावर लिहायचे असते आणि बजावता आले नाही असे त्याने म्हटल्यास न्यायालयाने त्याला त्याविषयी तपासायचे असते, असे एकविसाव्या आदेशाचा नियम २५ सांगतो. हा नियम आजही पुस्तकात आहे. ‘दार बंद, सबब परत’ असा शेरा आला की पुढची तारीख देण्याऐवजी त्या बेलिफाला समोर बोलवावे, कोणत्या वेळी गेला, कोणाला विचारले, पुन्हा कधी जाणार आणि त्यासाठी त्याला काय हवे आहे, हे विचारावे आणि त्याची उत्तरे रोजनाम्यात नोंदवावीत.

आपला विश्वासू,
दिवाणी न्यायालयातील एक निवृत्त नाझर